चकव्याची वकिली

सदाशिव पेठेत भूत म्हणून राहणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. इथली माणसं घाबरायच्या आधी चूक काढतात. ‘सुहृद’ सोसायटीच्या आवारातल्या चिंचेवर पेशवाईपासून राहणाऱ्या सुंदराबाईनं हा अनुभव पुरेपूर घेतला होता. एकदा तिन्हीसांजेला ती केस मोकळे सोडून, उलटे पाय रोवून दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहिली. सोसायटीचे अध्यक्ष रंगराव नगरकर दार उघडून बाहेर आले. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, तिच्या पायांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "योगासनांचा क्लास तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या वेळी जिन्यात सराव करू नका." दार बंद झालं. तेव्हापासून सुंदराबाईनं माणसांना घाबरवायचा नाद सोडला.

तसा तो तिचा मूळ स्वभावही नव्हता. हडळ म्हटलं की लोक रामरक्षा म्हणायला लागतात, पण हडळ म्हणजे कोण, तर बाळंतपणात गेलेली एखादी पोर. सुंदराबाईला मुलगा झाला होता. सटवाईची पूजा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. तान्ह्याला जाळत नाहीत म्हणून घरच्यांनी परसात चिंचेच्या बुंध्याशी पुरलं, आणि बाळामागोमाग आईही गेली. ती वर चिंचेवर जाऊन बसली ती बसलीच. पुढे वाडा पडला, तिथं चार मजली इमारत उभी राहिली, परसाचं पार्किंग झालं. चिंच तेवढी उरली. झाडाची हौस होती म्हणून सुंदराबाई तिथं राहत नव्हती. खाली तिचं लेकरू होतं.

आता इमारतीचा पुनर्विकास निघाला होता. बिल्डरचा माणूस एका सकाळी येऊन खुर्चीवर नकाशा पसरून गेला, तो सुंदराबाईनं फांदीवरून उलटा वाचला. चिंचेच्या जागी गाड्या वरखाली करणाऱ्या यंत्राचा खड्डा होता, दोन मजले खोल. नकाशावरचा खड्डा आणि खालचा बुंधा तिनं दोनदा पडताळून पाहिला.

खरं तर घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. ‘सुहृद’मध्ये पुनर्विकासाची चर्चा कित्येक वर्षं चालली होती आणि आणखी तितकीच वर्षं सुखानं चालली असती. वरच्या मजल्याला गच्चीचा हक्क हवा होता, तळमजल्याला जास्तीची जागा हवी होती, मधल्यांना स्वयंपाकघर पूर्वेला हवं होतं, आणि नव्या इमारतीचं नाव ‘सुहृद’ ठेवायचं की ‘नवसुहृद’ यावरून दोन घरांचं हळदीकुंकू बंद झालं होतं. एकमत नावाची वस्तू त्या आवारात कुणी पाहिलेली नव्हती. हेच आपलं चिलखत आहे हे सुंदराबाईच्या डोक्यात शिरलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याचं जळतं त्याला धीर कुठला? ती उठली आणि थेट वेताळ महाराजांकडे गेली.

महाराजांचा दरबार टेकडीवर भरतो. पूर्वी तो अमावास्येच्या मध्यरात्री भरायचा. आता मध्यरात्री टेकडीवर रील काढणारी पोरं असतात, पहाटे निवृत्त मंडळी हसण्याचा व्यायाम करतात, संध्याकाळी कुत्री आणि त्यांनी फिरवायला आणलेली माणसं असतात. भुतांना पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा महाराजांनी दरबार भर दुपारवर आणला. टळटळीत उन्हात, करवंदीच्या जाळ्यांमागं, सगळी मंडळी बसली होती. सुंदराबाईनं पदर पसरून गाऱ्हाणं घातलं. माझं लेकरू तिथं आहे, तेवढी जागा राखा, म्हणाली. महाराज कनवाळू. त्यांनी सोसायटीकडे वकील पाठवायचं ठरवलं. पेशवाईतली भुतं दूताला अजून वकीलच म्हणतात.

कुणाला पाठवायचं, एवढाच प्रश्न होता. नारायण पेठेतल्या पिंपळावरचे शास्त्रीबुवा लगेच उठले. ते ब्रह्मसमंध, म्हणजे विद्वानाचं भूत, आणि मेल्यावरही त्यांची विद्या उतरलेली नव्हती. आधी वृक्षाची व्याख्या करू, मग वृक्षाचे प्रकार, मग भूमीचं स्वामित्व, मग प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडून त्याचं खंडन करू, असं त्यांनी सांगितलं. सांगता सांगताच दोन मुंजे पेंगायला लागले. सुंदराबाईनं कपाळावर हात मारला. तिला मोकळ्या तोंडाचा, गोड जिभेचा, माणसाला बोलता बोलता गुंडाळणारा कुणीतरी हवा होता. तिनं चकव्याचं नाव घेतलं.

चकवा म्हणजे वाटसरूला एकाच जागी गोल गोल फिरवणारं भूत. एके काळी या चकव्याचा दरारा असा, की लग्नाला निघालेलं अख्खं वऱ्हाड त्यानं पर्वतीभोवती फिरवून नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या सुकवल्या होत्या. हल्ली त्याचा धंदा बसला होता. माणसं फोनमधला नकाशा बघत चालतात आणि तो नकाशाच त्यांना एकेरी रस्त्यातून उलटं घालतो, मग चकव्याला काम काय? तो मोकळाच होता. नाव निघताच तो पुढं येऊन असा वाकला, की जणू वकिली करतच जन्माला आला होता.

वेताळ महाराजांना ते रुचलं नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतेस बाई, असं त्यांनी तिला बजावलं.

"महाराज, पुणेकरांशी गाठ आहे," सुंदराबाई म्हणाली. "सरळ माणूस पाठवला तर त्याला सरळ परत पाठवतील."

दरबार हसला. महाराज हसले नाहीत. त्यांनी तिला वकिलीचा जुना कायदा ऐकवला. वकिलाची जीभ ती पाठवणाऱ्याची जीभ. तो जे बोलेल ते तू बोललीस असं धरलं जाईल. आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत पाठवणाऱ्यानं त्या माणसांवर हात उचलायचा नाही, आवाज काढायचा नाही, सावलीसुद्धा पाडायची नाही. सुंदराबाईनं मान डोलावली. घाबरवणं तर तिनं केव्हाच सोडलेलं होतं, त्यात तिचं काय जाणार होतं?

चकवा कामाला मात्र चोख निघाला. तो चिंचेवर मुक्कामाला आला, सुंदराबाईकडून बाळाची सगळी हकीकत त्यानं ऐकून घेतली, ऐकताना त्याचे डोळेही भरले. चकव्याचे डोळे केव्हा खरे भरतात हे चकव्यालाही ठाऊक नसतं, पण तिला बरं वाटलं. मग तो खिडक्याखिडक्यांतून डोकावत फिरला. रंगराव रोज सकाळी चहाआधी पेशव्यांच्या शौर्याचा एक तरी मजकूर शंभर माणसांना पाठवतात, हे त्यानं पाहिलं. सोसायटीच्या सचिव सुहासिनी लिमये दर रविवारी पाचपन्नास लोकांना घेऊन जुन्या पुण्याची सहल काढतात, एका दगडापाशी थांबून त्या दगडाबद्दल अर्धा तास बोलतात आणि शेवटी त्यांचा कंठ दाटून येतो, हेही त्यानं पाहिलं. जिन्यात शनिवारवाड्याची तसबीर होती. कपाटांत बखरी होत्या. चकवा परतला तो हात चोळतच.

"बाई, भीतीनं बांधलेला माणूस सुटतो," तो म्हणाला. "ज्याच्यावर त्याचा जीव आहे, त्यानंच त्याला बांधायचा. तुमचं काम झालं समजा."

रविवारी सकाळी चिंचेखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सर्वसाधारण सभा भरली. गच्चीच्या हक्कावरून नेहमीचं घोडं पेंड खात होतं, तेवढ्यात फाटकातून एक तरुण आत आला. खादीचा कुडता, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात टॅब. आपलं नाव दिग्विजय, आपण जुन्या पुण्याच्या पाणीपुरवठ्याचे अभ्यासक, असं त्यानं अदबीनं सांगितलं. आणि मग त्यानं जे सांगितलं त्यानं सभा गच्चीचा हक्क विसरली. कात्रजच्या तळ्यातून पेशव्यांनी शहरात पाणी आणलं तो नळ सगळ्यांना ठाऊकच आहे. त्या नळाची एक अज्ञात शाखा, दगडी बांधणीची, अजून शाबूत, याच चिंचेच्या मुळांखालून गेलेली आहे. असा ठेवा अख्ख्या शहरात दुसरा नाही. तो आपल्या अंगणात आहे, हे केवढं भाग्य आपलं.

ते शुद्ध खोटं होतं. कात्रजचा नळ खरा, पण तो या बोळाकडे कधी फिरकलाही नव्हता. सुंदराबाईनं हयातीत हौदावरून हंडे वाहिले होते, तिला पक्कं ठाऊक होतं. पण काय ते खोटं! चकव्याच्या तोंडून ऐकताना तिलाच क्षणभर खाली पाणी वाहतंय असं वाटलं. खालची माणसं झाडाच्या बुंध्याकडे असं बघत होती, की आता हात जोडतील. सुहासिनीबाईंचे डोळे पाणावले. सुंदराबाईचा ऊर भरून आला. वाचलं माझं लेकरू, तिला वाटलं.

सुहासिनीबाईंनी डोळे पुसले आणि एकच प्रश्न विचारला. आपण हे कुठं छापलंय का? दिग्विजय म्हणाला, छे, आधी आपल्याकडेच आलो. कुणाला बोललात का? कुणालाच नाही. फार छान, फार छान, असं म्हणत रंगराव उठले आणि त्यांनी स्वतः घरात जाऊन त्या परक्या पोरासाठी चहा आणला, सोबत दोन बिस्किटं. सुंदराबाईला तिथंच शंका यायला हवी होती. सोसायटीच्या इतिहासात सभेला आलेल्या पाहुण्याला चहा मिळाल्याची ती पहिलीच वेळ होती.

दिग्विजय चहा पिऊन, सगळ्यांचे नमस्कार घेऊन गेला. फाटक लागल्याचा आवाज आला. रंगरावांनी स्वतः जाऊन कडी तपासली, परत येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही बातमी बाहेर गेली तर आपलं काम जन्मात होणार नाही."

मग जे झालं ते सुंदराबाई फांदीला घट्ट धरून ऐकत राहिली. जुन्या बांधकामाचा सुगावा लागला की खणायला बंदी येते, हे त्या सभेत सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक असेल, तर सुहासिनीबाईंना. अशी बंदी यावी म्हणून त्यांनी इतर लोकांच्या जागांबाबत अर्ज केले होते. त्यांनी सगळं मुद्देसूद समजावून सांगितलं. कोण येतं, काय विचारतं, किती वर्षं जातात. एकच उपाय होता. कुणाच्या कानावर जायच्या आत झाड काढायचं, खणायचं आणि काँक्रीट ओतून मोकळं व्हायचं.

"इतिहासाचा अभिमान आपल्याला आहेच," रंगराव म्हणाले. "पण तो शनिवारवाड्यापाशी. पार्किंगमध्ये नाही."

वरच्या मजल्यानं गच्चीचा हक्क सोडला. तळमजल्यानं जास्तीची जागा सोडली. स्वयंपाकघर जिथं येईल तिथं येवो, असं मधल्यांनी म्हटलं. नाव ‘सुहृद’च ठेवा, असं म्हणून ‘नवसुहृद’वाल्या जोशीबाईंनी ज्या घराशी हळदीकुंकू बंद होतं त्या घरच्यांसाठी स्वतः पन्ह्याचा जग आणला. माणसं एकमेकांचे हात धरत होती. कुणीतरी म्हणालं, की ही खरी ‘सुहृद’ आज झाली.

तळमजल्यावरच्या विमलाबाई तेवढ्या हात वर न करता बसल्या होत्या. सासूनं सांगून ठेवलं होतं म्हणून त्या दर अमावास्येला चिंचेखाली दहीभाताचं पान ठेवायच्या, आणि सुंदराबाई ते इमानानं खायची. झाडाखाली बाळंतीण आहे असं म्हणतात हो, त्या हळूच म्हणाल्या. रंगरावांनी त्यांचा मान राखला. नव्या इमारतीत मीटरच्या खोलीशेजारी एक कोनाडा ठेवू, आपण तिथं ठेवा दहीभात, असं त्यांनी सांगितलं आणि तसं इतिवृत्तात लिहूनही घेतलं. विमलाबाईंनी वर झाडाकडे एकदा बघितलं. मग त्यांचाही हात वर गेला. ठराव एकमतानं झाला.

सुंदराबाईच्या घशापर्यंत किंकाळी आली होती. त्या एका किंकाळीनं खुर्च्या उलट्यापालट्या झाल्या असत्या. पण उत्तर अजून यायचं होतं आणि कायदा कायदा होता. तिला चिंचेचं एक बोटूकही खाली टाकता येईना.

पुढच्या दरबारात चकव्यानं वकिलीचा वृत्तान्त सादर केला. आपल्या शब्दाला समोरच्यांनी मान दिला, आपलं म्हणणं एकमतानं खरं मानलं, चहापाणी झालं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मुंज्यांनी टाळ्या वाजवल्या. सुंदराबाईनं उभं राहून पुढचं सांगितलं तेव्हा टाळ्या थांबल्या. चकवा खरोखरच गोंधळला होता. ज्या गोष्टीवर जीव आहे तीच माणसं कशी गाडतील, हे त्याला कळेना. त्यानं आयुष्यभर माणसांना फसवलं होतं, पण स्वतःला फसवणारी माणसं इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"त्यांना आवडेल ते बोललास रे," सुंदराबाई त्याला म्हणाली. "परवडेल ते बोलायला हवं होतं."

शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. आपण गेलो असतो तर वृक्षाच्या व्याख्येवरच सभेत दोन तट पडले असते, आणि त्या वादात चिंच आणखी एक पिढी उभी राहिली असती, असं ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोच होती, पण खोटं काही नव्हतं. सुंदराबाईला ते ऐकवेना. वकिली मागं घ्या, मला मोकळी करा, असं तिनं महाराजांना विनवलं. उत्तर आल्याशिवाय वकिली संपत नाही, ते म्हणाले. झाड गेलंच तर दुसरं देऊ. पण शहरात झाडांची टंचाई आहे, सध्या एका मॉलमधलं प्लॅस्टिकचं माडाचं झाड रिकामं आहे. तिनं नको म्हटलं.

उत्तर आठवड्याच्या आत आलं. यंत्राची करवत घेऊन माणसं आली, आवाराला पत्रे लागले, आणि सकाळी उभी असलेली चिंच दुपारी ट्रकमध्ये आडवी पडली. सुंदराबाई बुंध्यापाशी जमिनीवर बसून राहिली. आता वकिली संपली होती. आता ती काहीही करायला मोकळी होती, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झाडाबरोबर भुताचं माणसांना दिसणं आणि ऐकू येणंही जातं. तिनं दोन्ही हातांनी ती माती धरून ठेवली. हातांतून यंत्राचा दात आरपार गेला आणि माती उचलून घेऊन गेला.

यंत्रामागं फावड्यानं कडा साफ करणारा बजरंग नावाचा मुळशीकडचा गडी होता. तो मध्येच वाकला. मातीतून त्यानं काहीतरी उचललं, बोटांनी पुसलं आणि काठावर उभ्या असलेल्या सुहासिनीबाईंना दाखवलं.

"बाई, ही लहान लेकराची मनगटी हाय," तो म्हणाला. "काळे मणी हायेत, आणि चांदीची तार."

सुहासिनीबाईंनी ती हातात घेतली. इतकी वर्षं त्या काचेपलीकडच्या वस्तू लोकांना दाखवत आल्या होत्या. अशी वस्तू तळहातावर घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. तार कशी वळली आहे, मणी कुठले आहेत, काळ कुठला, सगळं त्यांना बघता बघता कळलं. मनगट केवढं असेल तेही कळलं असणार, कारण त्यांनी दोन बोटं त्या मनगटीत घालून पाहिली आणि ती मावली नाहीत. सुंदराबाई त्यांच्यासमोर उभी होती, केस मोकळे, हात पसरलेले. माझ्या बाळाची आहे ती, द्या, असं ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. सुहासिनीबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि ऊन फार आहे म्हणाल्या. मग त्यांनी आजूबाजूला कुणाच्या हातात फोन नाही ना ते बघितलं.

"टाकून द्या," त्या बजरंगला म्हणाल्या. "आणि सापडलं म्हणून कुठं बोलू नका."

बजरंगला ते बरं वाटलं नाही, त्याचं तोंडच सांगत होतं. पण हातावर पोट असलेल्यानं बाईंशी वाद किती घालायचा? त्यानं मनगटी मातीच्या ढिगावर ठेवली, फेकली नाही. यंत्रानं तो ढीग उचलला आणि डंपरमध्ये ओतला.

सुंदराबाई डंपरवर चढली. आपली जागा सोडून गेलेलं भूत वेताळाच्या आश्रयाखाली राहत नाही, ते कायमचं भटकं होतं, हे तिला माहीत होतं. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. डंपर पेठेतून निघाला, पूल ओलांडून गेला, शहर संपलं असं वाटेपर्यंत गेला आणि पुन्हा नव्या इमारती सुरू झाल्या तिथल्या एका भल्यामोठ्या खड्ड्याच्या काठावर थांबला. खड्ड्यात साऱ्या शहराची माती होती. विटा, फरशा, मुळं, कुणाकुणाच्या अंगणांचे तुकडे. डंपरनं पाठ वर केली आणि ‘सुहृद’चं परस त्यात ओतलं.

ती खाली उतरली. कुठली माती आपली ते तिला ओळखता येत होतं. चिंचेच्या मुळांचा आंबूस वास होता तिला. तिथं गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी माती चाळायला लागली. दुपार कलली तसा एक काळा मणी दिसल्यासारखा झाला. तिनं हात पुढं केला, तेवढ्यात काठावर दुसरा डंपर येऊन लागला आणि त्यानं आपली माती त्याच जागी ओतली. सुंदराबाईनं केस मागं सारले आणि ती वरची माती उपसायला लागली.